उष्ट्या हवेचा हिशेब

आपल्याकडे उष्टे-खरकटे फार पाहिले जाते. दुसऱ्याच्या ताटातला घास आपण उचलत नाही. कोणी तोंड लावलेल्या भांड्यातले पाणी पीत नाही. प्यायचीच वेळ आली तर वरून पितो. दूध कोणत्या गवळ्याचे, पाणी कोणत्या विहिरीचे, याची चौकशी करतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु दिवसभरात आपण जेवढे खातो-पितो, त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. मोठा माणूस चोवीस तासांत सुमारे १० ते १२ हजार लिटर हवा श्वासावाटे घेतो. ही हवा आपल्या आधी कोणाच्या छातीत जाऊन आली, याची चौकशी मात्र कोणीच करीत नाही.

नाका-तोंडातून बाहेर टाकलेली हवा ही एका अर्थाने उष्टी हवाच होय. तिच्यात शरीराने तयार केलेला कार्बन डाय ऑक्साइड वायू असतो, ओलावा असतो आणि माणूस आजारी असेल तर त्याच्या छातीतले, घशातले जंतूही असतात. उघड्या अंगणात ही हवा क्षणात पांगते. बंद खोलीत ती तेथेच राहते आणि शेजारचा माणूस ती आत घेतो, त्याने टाकलेली तिसरा घेतो. पंगतीत कोणी उष्टे पान आपल्यापुढे सरकवले तर आपण उठून जाऊ. बंद खोलीत तेच तासन्‌तास चालते आणि कोणाला पत्ता नसतो, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही.

ही न दिसणारी गोष्ट आकड्यात दाखवणारे एक छोटे यंत्र आता सहज मिळते. टेबलावरच्या गजराच्या घड्याळाएवढा त्याचा आकार असतो आणि खोलीतील हवेत कार्बन डाय ऑक्साइड किती आहे ते त्यावर सतत दिसत राहते. या यंत्राची माहिती आज द्यायची आहेच. पण त्याबरोबर एक आग्रहाची गोष्टही सांगायची आहे. जेथे पैसे घेऊन आपल्या मुलांना बंद खोलीत तासन्‌तास बसवले जाते, अशा प्रत्येक शिकवणी वर्गात आणि अभ्यासिकेत हे यंत्र भिंतीवर असलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा काय सांगतो?

हवेतील या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत किती भाग, असे मोजतात. त्याला पीपीएम म्हणतात. मोकळ्या हवेत आज हे प्रमाण साधारण ४२५ च्या आसपास आहे. आपण उच्छ्वासावाटे जी हवा सोडतो तिच्यात ते सुमारे ४० हजार, म्हणजे चार टक्के असते. यावरून एक सोपा हिशेब मांडता येतो. खोलीतला आकडा १००० असेल, तर आपण घेत असलेल्या हवेचा सुमारे सत्तरावा भाग कोणाच्या तरी छातीतून आलेला असतो. आकडा ३००० असेल तर हे प्रमाण पंधरा-सोळाव्या भागावर येते. म्हणजे दर पंधरा-सोळा श्वासांपैकी एक पूर्ण श्वास उष्ट्या हवेचा!

हा विचार नवा नाही. जर्मनीतील म्युनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच हा वायू मोजून खोलीची हवा पारखण्याची पद्धत सांगितली होती. राहत्या खोलीत हे प्रमाण दर हजारी एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १००० पीपीएम, यापुढे जाऊ नये असे त्यांचे म्हणणे होते. जपानने १९७० च्या कायद्याने मोठ्या इमारतींसाठी हीच १००० ची मर्यादा घातली. ब्रिटनमध्ये आकडा सतत १५०० च्या वर राहत असेल तर तेथे हवा पुरेशी खेळत नाही असे समजतात आणि २०२१ मध्ये तेथील सरकारने शाळांसाठी सुमारे तीन लाख यंत्रे देण्याचे जाहीर केले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १००० किंवा २००० पीपीएम कार्बन डाय ऑक्साइड हे काही विष नव्हे. कारखान्यातील कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची मर्यादा ५००० धरली जाते. तेव्हा आकडा वाढला म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. हा आकडा वायूपेक्षा खोलीबद्दल अधिक सांगतो. तापमापीतला पारा रोग बरा करीत नाही, पण अंगात काहीतरी चालले आहे हे सांगतो. तसेच याचे आहे. कार्बन डाय ऑक्साइड साठला म्हणजे त्याच्याबरोबर बाहेर पडलेले बाकीचे सारेही खोलीतच साठले आहे, एवढे त्यावरून समजावे.

खरा धोका जंतूंचा

कोंदट खोलीत डोके जड होते, जांभया येतात, लक्ष लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २२ जणांना ६००, १००० आणि २५०० पीपीएमच्या हवेत बसवून निर्णयशक्तीच्या चाचण्या घेतल्या. २५०० ला त्यांची कामगिरी बरीच घसरली. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र एवढा फरक दिसला नाही. म्हणून हवा कोंदट म्हणूनच मुलाचे गुण कमी झाले, असे मी म्हणणार नाही.

जंतूंच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे. क्षय, गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा, कोरोना हे आजार हवेतून पसरतात. त्यातील क्षय हा तर आपला घरचाच शत्रू. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. तैवानमधील तैपेई येथील एका विद्यापीठात क्षयाची साथ आली आणि २७ जणांना रोग झाला. तेथील हवा तपासली तेव्हा आकडा ३२०० च्या आसपास निघाला. रुग्ण शोधणे आणि औषधोपचार चालू होतेच. त्याबरोबर इमारतींतील हवा खेळती करण्यात आली आणि आकडा ६०० पर्यंत उतरला. या साथीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बाकीचे उपाय हिशेबात धरूनही, आकडा १००० च्या खाली राहिल्यावर रुग्णांच्या संपर्कातील लोकांमध्ये नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ९७ टक्क्यांनी कमी दिसले. वैद्यकात एवढा मोठा फरक क्वचितच पाहायला मिळतो.

आपल्या जुन्या लोकांना यंत्राशिवाय हे ठाऊक होते. क्षयावर औषधे नव्हती त्या काळी मिरज-सांगलीजवळ वानलेसवाडीला क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम होते. अशा आरोग्यधामांत मोकळी हवा हाच उपचाराचा मोठा भाग असे. जुन्या वाड्यांचे चौक आणि झरोके, कौलारू घरांच्या फटी, जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांची उंच छते आणि समोरासमोरच्या खिडक्या आठवून पाहा. तेथे वारा आपोआप खेळत असे. आज आपण सिमेंटच्या गाळ्यात काच बसवतो, काचेवर पडदा लावतो, वर एसी लावतो आणि बोर्डावर अभिमानाने ‘संपूर्ण वातानुकूलित’ असे लिहितो.

शिकवणी वर्ग आणि अभ्यासिका

आता आपल्याच गावाकडे पाहू. दहावी-बारावीचे, नीटचे, स्पर्धा परीक्षांचे वर्ग बहुतेक व्यापारी संकुलांच्या गाळ्यांत किंवा तळघरांत भरतात. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच अशा खोलीत चाळीस मुले बसली आहेत असे समजा. बसल्या बसल्या प्रत्येक जण ताशी सुमारे १६ लिटर कार्बन डाय ऑक्साइड बाहेर टाकतो. खोली पूर्णपणे बंद असेल तर पाच-सहा मिनिटांत आकडा १००० वर जातो आणि अर्ध्या तासात चार हजारांवर. प्रत्यक्षात फटींतून, दार उघडताना थोडी हवा बदलते, म्हणून एवढा वेग राहत नाही. पण तास दीड तासाचा असतो आणि एक तास संपला की दुसरी चाळीस मुले त्याच हवेत येऊन बसतात.

अभ्यासिकेची गोष्ट याहून गंभीर आहे. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास बसतात. जेवण अर्धवट, झोप अपुरी, डोक्यावर परीक्षेची चिंता आणि घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे. अशा शरीराला क्षयाचा जंतू सहज पकडतो. गेल्या वर्षी एका अभ्यासिकेत बसणारा पंचविशीतला मुलगा महिनाभराचा खोकला घेऊन माझ्याकडे आला. थुंकी तपासली, क्षय निघाला. तीन महिन्यांनी त्याच अभ्यासिकेतला दुसरा मुलगा आला, त्यालाही क्षयच. एकाचा दुसऱ्याला त्या खोलीतच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. क्षयाला उगवायला महिने, कधी वर्षेही लागतात. पण दोघांच्या जागा पाठीला पाठ लागून होत्या, खोलीला एकच खिडकी होती आणि ती एसीसाठी कायमची बंद केलेली होती, हे मला दोघांनीही वेगवेगळे सांगितले. पहिल्याचे परीक्षेचे एक वर्ष वाया गेले. शेतकऱ्याच्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

वर्गचालक फी घेतात, कॅमेरे बसवतात, मूल वर्गात पोचल्याचा निरोप मोबाईलवर पाठवतात. पालकही निकाल विचारतात, शिक्षक कोण ते विचारतात. हवेचे कोणी विचारत नाही. विचारले तरी ‘आमच्याकडे एसी आहे’ असे उत्तर मिळते आणि पालक समाधानाने घरी जातात. येथेच खरी गफलत आहे.

पंखा, एसी आणि कूलर

छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. त्याची नळी बाहेर जाते म्हणून तो बाहेरची हवा आणतो असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. त्या नळीतून थंड करणारा वायू फिरतो, श्वासाची हवा नव्हे. थंड हवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपला गरिबाचा कूलर या बाबतीत एसीपेक्षा सरस ठरतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओढून आत टाकतो आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे असेल तर आतली हवा बाहेर ढकलतो. मात्र त्यातले पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

एसी असूनही हवा बदलता येते. दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटे समोरासमोरची दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. एका बाजूला एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि दुसऱ्या बाजूने हवा आत यायला जागा ठेवावी; आत यायला वाट नसेल तर पंखा नुसताच घरघरतो. मुलांची संख्या खोलीच्या मानाने ठेवावी. माणशी दर सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवले आहे. तेवढी मिळाली तर आकडा हजाराच्या आत राहतो.

माझ्या दवाखान्यात रुग्ण बसतात त्या खोलीत गेले दीड वर्ष असे यंत्र आहे. एकदा एक आजोबा त्याकडे पाहून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, तुमचं घड्याळ बंद पडलंय, केव्हाचे साडेबाराच वाजलेत.’ आकडा १२३० होता! दोन खिडक्या उघडल्या आणि पंधरा मिनिटांत तो ८०० च्या खाली आला. आजोबांना त्या दिवशी जे पटले, ते माझ्या तासभर बोलण्याने पटले नसते.

यंत्र घेताना

चांगले यंत्र काही हजार रुपयांना मिळते. ते इन्फ्रारेड पद्धतीने, म्हणजे एनडीआयआर संवेदकाने मोजणारे असावे. बाजारात स्वस्त नकली यंत्रेही आहेत. ती दुसऱ्याच वाफा मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. हाताला लावायचे सॅनिटायझर जवळ नेले आणि आकडा एकदम भडकला तर ते यंत्र विश्वासाचे नाही. खरे यंत्र मोकळ्या हवेत थोडा वेळ ठेवले की ४०० ते ४५० च्या आसपास दाखवते. आठवड्यातून एकदा त्याला अशी बाहेरची हवा द्यावी. खोलीत ते बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून चार-पाच फूट दूर ठेवावे.

या यंत्राच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. धूळ, धूर, उदबत्तीचा किंवा कचरा जाळल्याचा त्रास त्यात दिसत नाही. शेगडी किंवा बाथरूममधील गॅस गीझरमुळे जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वेगळा; तो हे यंत्र मुळीच पकडत नाही. आकडा कमी आहे म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून कोणी झोपू नये.

घरोघरी यंत्र घ्या, असे माझे म्हणणे नाही. घरासाठी साधा नियम पुरे आहे. निजण्याच्या खोलीची खिडकी थोडी उघडी असावी, तिला डासांची जाळी असावी. एसी लावून तिघे-चौघे दार बंद करून निजत असाल, तर दाराला चार बोटांची फट ठेवा आणि पहाटे खिडक्या उघडा. घरात कोणी खोकत असेल तर हे अधिकच पाळा.

आक्षेप आणि उत्तर

वर्गचालक म्हणतील, खिडकी उघडली की धूळ, गोंगाट आणि विजेचे वाढीव बिल. अडचणी खऱ्या आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसभर खिडक्या उघड्या ठेवा असे मीही सांगणार नाही. यंत्राचा उपयोग नेमका येथेच आहे. आकडा ७०० असेल तर खिडकी खुशाल बंद ठेवा. १००० च्या पुढे गेला तर उघडा. १५०० च्या वर सतत राहत असेल तर खोलीत मुले जास्त आहेत किंवा हवेची वाट कमी आहे, हे मान्य करा आणि दुरुस्ती करा. यंत्र नसेल तर वर्गचालक म्हणतात हवा चांगली आहे आणि पालक म्हणतात कोंदट आहे. वाद मिटत नाही. आकडा समोर असला की वाद उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की कोरोना गेला, आता कशाला? केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये खेळत्या हवेचे महत्त्व सांगणारी सूचना काढली होती. आपण हात धुणे लक्षात ठेवले आणि खिडकी विसरलो. कोरोनाच्या आधी क्षय होता आणि नंतरही आहे. त्याला लाटा नसतात म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकेच.

नगरपालिकेने दोन-चार यंत्रे घेऊन आरोग्य निरीक्षकांमार्फत वर्ग आणि अभ्यासिकांची वर्षातून दोनदा तपासणी करावी. पाण्याचे नमुने आपण तपासतोच, हवेचेही तपासावेत. खर्च एका स्वागत कमानीपेक्षाही कमी येईल. तोवर पालकांनी वाट पाहू नये. प्रवेश घेण्याआधी खोली पाहावी, खिडकी उघडते का ते हाताने उघडून पाहावे आणि गर्दीच्या तासाचा आकडा मागावा. दहा पालकांनी एकत्र येऊन मागणी केली तर कोणताही वर्गचालक यंत्र लावील.

मुलांना एकच सांगणे आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल तर परीक्षा होईपर्यंत थांबू नका. सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत मिळतात. औषधे नियमित घेतली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांच्यापासून इतरांना होणारा धोका खूप कमी होतो. असा मुलगा तुमच्या अभ्यासिकेत असेल तर त्याला वाळीत टाकू नका. त्याची जागा हलवण्यापेक्षा अभ्यासिकेची बंद केलेली खिडकी आधी उघडून घ्या.